भांडं कोणतं, आच किती, घासायचं कसं

आमच्याकडे तक्रार घेऊन येणारी पुष्कळ भांडी वापरून झिजलेली नसतात, जास्त आचेनं बिघडलेली असतात. हे पाहून वाईट वाटतं, म्हणून प्रत्येक भांड्यासोबत हे पत्रक देतो. पहिल्यांदा चुलीवर चढवण्याआधी वाचा.

निवडताना आधी ठरवा, त्यात मुख्यतः करणार काय. बराच वेळ शिजवायचं किंवा आटवायचं असेल तर जाड बुडाचं स्टील घ्या, तळात ॲल्युमिनियमचा थर असलेलं. नुसत्या स्टीलमध्ये उष्णता पसरत नाही. ज्योत लागते तिथेच करपतं. भाजायला बीड उत्तम. तापायला वेळ घेतं, पण एकदा तापलं की गार जिन्नस टाकले तरी निवत नाही. इंडक्शनसाठी बुडाला चुंबक लावून पाहा. घट्ट चिकटलं तरच घ्या.

स्टीलला अन्न चिकटतं ही तक्रार आम्ही रोज ऐकतो. भांडं आधी मध्यम आचेवर तापवा आणि पाण्याचे चार थेंब टाका. ते चुरचुरून आटले तर थांबा. पाऱ्यासारखे गोळे होऊन पळू लागले की तेल घाला. मीठ मात्र पाणी उकळल्यावरच. गार पाण्यात तळाशी बसलेलं मीठ स्टीलला बारीक खड्डे पाडतं.

नॉनस्टिक कधीही रिकामं तापवू नका. साधारण 260 अंश सेल्सिअसच्या पुढे त्याचा लेप बिघडू लागतो आणि मोठ्या आचेवर रिकामा तवा काही मिनिटांतच तिथे पोचतो. लाकडी उलथनं वापरा. लेप सुटू लागला की तवा बदला, आमच्याकडूनच घ्या असं नाही.

बिडावरचा काळा थर म्हणजे मळ नव्हे. तापलेल्या तेलाचं ते घट्ट कवच आहे, त्यामुळेच अन्न सुटून येतं. तारेच्या घासणीनं ते खरवडू नका. धुऊन लगेच पुसा, आचेवर कोरडं करा, तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. भिजत ठेवलंत तर गंजेल. तरी टाकू नका: गंज घासून काढा, तेल लावून पुन्हा तापवा. असं काही वेळा केलं की कवच परत धरतं.

करपलेल्या स्टीलमध्ये पाणी आणि खायचा सोडा उकळा, निवल्यावर घासा. ॲल्युमिनियमला सोडा लावू नका, काळं पडतं. पाण्याचे पांढरे आणि आचेचे सप्तरंगी डाग व्हिनेगरनं जातात. आणि तापलेलं भांडं गार पाण्याखाली धरू नका; बूड वाकडं झालं की आम्हालाही ते सरळ करता येत नाही.