अंदमानला निघालात? आधी बोट, मग रूम

नमस्कार. आम्ही अंदमानच्या ट्रीप बुक करून देतो, आणि चौकशी करणाऱ्या प्रत्येकाला हा कागद देतो, कारण गेल्या दोन-तीन सीझनमध्ये एकच गोष्ट फोनवर इतक्या वेळा सांगून झालीय की आता ती आमच्या घरच्यांनाही पाठ आहे. विमानाचं तिकीट काढलंत, छान केलंत, पण त्याच रात्री ॲप उघडून पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील अशी तिन्ही ठिकाणची हॉटेलं बुक करू नका. दोन दिवस थांबा.

होतं काय, आपल्याला सवय महाबळेश्वर-अलिबागची. रूम ठरवायची, गाडी काढायची, खंबाटकीत ट्रॅफिक लागला तर दोन तास उशिरा पोचायचं, रूम काही पळून जात नाही. अंदमानात पोर्ट ब्लेअर एका बेटावर, हॅवलॉक दुसऱ्या, नील तिसऱ्या. मधे समुद्र. पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला प्रायव्हेट बोटीने दीड ते अडीच तास लागतात, हॅवलॉकहून नीलला साधारण तासभर, आणि या बोटी दिवसातून मोजक्याच, त्याही ठरलेल्या वेळी. शेवटची बोट चुकली की पुढची उद्याच, ती पण सीट असेल तर. म्हणून आम्ही आधी बोटीच्या सीट बघतो आणि त्याप्रमाणे कुठली रात्र कुठे ते ठरवतो, उलटं नाही.

मागच्या डिसेंबरची गोष्ट सांगतो, नाव सांगत नाही. सहा जणांचं कुटुंब, विमान उतरणार दुपारी सव्वादोनला, आणि त्याच रात्रीची हॅवलॉकची रूम बुक, नॉन-रिफंडेबल, कारण ती रूममागे चारशे रुपयांनी स्वस्त पडत होती. सामान मिळून बाहेर यायला तीन वाजले, तोवर हॅवलॉकची शेवटची बोट गेलेली. मग आम्हाला फोन. पोर्ट ब्लेअरला ऐनवेळी मिळेल ती रूम, मिळेल त्या भावात, हॅवलॉकचे पैसे बुडाले ते बुडालेच, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीत चारच सीट शिल्लक, त्यामुळे आजी-आजोबा दुपारच्या बोटीने एकटे आले. फिरायचा दीड दिवस गेला आणि सगळी ट्रीप कोण कोणावर रागावलंय यातच गेली.

अजून एक गोष्ट लोक विसरतात, तिथे घड्याळ आपलंच असलं तरी सूर्य आपला नाही. अंदमान इतकं पूर्वेला आहे की थंडीत पाच-सव्वापाचलाच सूर्य मावळतो. म्हणजे दुपारी दोनला उतरलात तर तुमच्या हातात पूर्ण दुपार नसते, संध्याकाळच सुरू होत असते. म्हणून पहिली रात्र आम्ही पोर्ट ब्लेअरलाच टाकतो, शक्यतो अबर्डीन बाजाराच्या जवळपास, तिथून सेल्युलर जेल जवळ आहे आणि संध्याकाळचा लाइट अँड साउंड शो बघून चालत परत येता येतं. आपल्याकडच्या बहुतेकांना सावरकरांची कोठडी बघायचीच असते, ती वरच्या मजल्यावर आहे, जिने चढावे लागतात, गुडघे दुखणाऱ्यांनी दिवसा सावकाश जावं.

आता शेवटची रात्र. यावरून आमच्याशी सगळ्यात जास्त वाद होतात. शेवटची रात्र पण पोर्ट ब्लेअरलाच, हा आमचा नियम आहे. लोक म्हणतात, नील एवढं शांत आहे, शेवटची रात्र तिथेच काढू, सकाळी बोटीने येऊन विमान पकडू. कागदावर बसतं सुद्धा. पण समुद्र खवळला की बोटी बंद होतात, आणि ते ना आमच्या हातात ना बोटवाल्याच्या. २०१६ च्या डिसेंबरमध्ये, म्हणजे अगदी सीझनमध्ये, वादळामुळे हॅवलॉक आणि नीलवर शेकडो पर्यटक अडकले होते, त्यांना काढायला नौदलाची जहाजं पाठवावी लागली. एवढं दर वर्षी होत नाही, पण एखादी बोट रद्द होणं हे काही नवल नाही. काही जण म्हणतात, तुमचं पोर्ट ब्लेअरच्या हॉटेलात कमिशन असेल म्हणून सांगता. आहे ना, का नसेल, धंदा आहे. पण हॅवलॉकच्या रिसॉर्टमध्ये जास्त आहे, त्यामुळे तुम्हीच विचार करा.

नावांचा घोळ हा वेगळाच विषय. २०१८ मध्ये हॅवलॉकचं नाव स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप, आणि २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम. तिथे लोक अजून हॅवलॉक-नीलच म्हणतात, ॲपवर मात्र कधी जुनं नाव कधी नवं. एका ताईंनी हॅवलॉकला दोन रात्री आणि स्वराज द्वीपला दोन रात्री अशी बुकिंग करून ठेवली होती, म्हणजे एकाच बेटावर चार रात्री, आणि नीलला एकही नाही. हसू नका, हुशार बाई आहेत, बँकेत आहेत.

हॅवलॉकला रूम कुठे घ्यायची हे तिथल्या गावांच्या आणि बीचच्या नंबरांवरून कळतं. जेट्टी एक नंबरला, बाजार आणि खाण्याची ठिकाणं तीन नंबरला, विजयनगर बीच पाच नंबर, आणि ज्याचे फोटो बघून आपण सगळे जातो तो राधानगर बीच म्हणजे सात नंबर, तो जेट्टीपासून बारा किलोमीटर लांब बेटाच्या दुसऱ्या बाजूला. बरीचशी मध्यम बजेटची हॉटेलं तीन आणि पाच नंबरच्या पट्ट्यात आहेत. 'बीच टच' लिहिलंय ते खरंच असतं, पण पाच नंबरला ओहोटी लागली की पाणी लांब जातं आणि पायाखाली खडक आणि मेलेलं प्रवाळ, तिथे पोहायचं नसतं. पोहायला सात नंबर, तिथे गाडीने जायचं आणि सूर्यास्त बघून यायचं. फोटोत भरतीचं पाणी असतं, ओहोटीचा फोटो कोणी टाकत नाही, आमच्याकडे ओहोटीचेही फोटो आहेत, मागा.

बाराटांग बेटावर मुक्काम करायचाय असं बरेच जण विचारतात. सहसा गरज नसते, पोर्ट ब्लेअरहून एका दिवसात होतं, फक्त पहाटे तीनच्या सुमारास निघावं लागतं कारण जिरकाटांगच्या गेटवरून गाड्या ताफ्याने सोडतात. पुढचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून आहे, तिथे गाडी थांबवायची नाही, फोटो काढायचा नाही, काही खायला द्यायचं नाही, हा कायदा आहे, आमची सूचना नाही. हॉटेलला आदल्या रात्रीच नाश्ता पॅक करायला सांगा. अंदमानच्या उत्तर टोकाचं डिगलीपूर रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या वर, आठ-नऊ दिवस असतील तरच. आणि निकोबारला हॉटेल बघा असं सांगू नका, तिथे नेहमीच्या पर्यटकांना परवानगीच नाही.

भाव. ॲपवर तीच रूम कधीकधी आमच्यापेक्षा स्वस्त दिसते, मान्य आहे. आमच्या रेटमध्ये जेट्टीवरून आणणं-सोडणं आणि नाश्ता धरलेला असतो, आणि मुख्य म्हणजे बोट रद्द झाली तर रूमची तारीख पुढे ढकलायला आमचा तिथला माणूस हॉटेलवाल्याच्या समोर जाऊन उभा राहतो, ॲप उभं राहत नाही. जेवण महाग वाटेल, कारण बराचसा माल जहाजाने चेन्नई-कोलकात्याहून येतो. शाकाहारी सगळीकडे मिळतं, जैन हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा, जेट्टीवर उतरून नाही.

बोटीचे पैसे आम्ही पूर्ण आगाऊ घेतो, यावरून पण नाराजी असते. पण तिकीट नावाने निघतं आणि आम्हालाही ते पूर्ण पैसे भरूनच मिळतं. दिवाळी आणि ख्रिसमसला सीट लवकर जातात, आणि सरकारी बोटीचं बुकिंग फार आधी उघडत नाही, त्यामुळे तिच्या भरवशावर रूम घेऊन ठेवणं आम्ही कोणाला सांगत नाही.

हॉटेल तुम्हाला स्वतःच बघायचं असेल तरी हरकत नाही, फक्त पैसे भरण्याआधी एकदा आम्हाला तारखा दाखवा, आम्ही बोटीशी जुळवून सांगतो, त्याचे पैसे घेत नाही. व्हॉट्सॲपवर विमानाच्या तिकिटाचा फोटो आणि आधारवर आहेत तशी सगळ्यांची नावं, वयं पाठवा. आणि फोटो पाठवताना येतानाचं तिकीट पण पाठवा, बहुतेक जण फक्त जातानाचंच पाठवतात.