कर्करोग सेल लाइन आणि श्वसनविषाणू

माणसाच्या गाठीतून काढलेल्या आणि शरीराबाहेर पोषक द्रवात न थांबता विभागत राहणाऱ्या पेशींच्या वंशाला कर्करोग सेल लाइन म्हणतात. विषाणू निर्जीव माध्यमात वाढत नाही, त्याला जिवंत पेशी लागते. निरोगी मानवी पेशी चाळीस-साठ विभाजनांनंतर थांबतात; कर्करोगाच्या पेशीची ही मर्यादा गेलेली असते. त्यामुळे सर्दी, फ्लू, न्यूमोनियाच्या विषाणूंचा अभ्यास गेली सत्तर वर्षे बऱ्याच अंशी अशा पेशींवर झाला आहे.

पहिली मानवी सेल लाइन हेला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात 1951 मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून, त्यांना न विचारता, ती घेतली गेली. या पेशींच्या जनुकसंचात एचपीव्ही-18 हा विषाणू आधीपासून घुसलेला आहे, आणि विभाजनाला आवर घालणारी पेशीतली प्रथिने त्यानेच निकामी केली आहेत. श्वसनविषाणूंसाठी हेलाखेरीज फुफ्फुसाच्या कर्करोगातून मिळालेल्या ए-549 आणि कॅलू-3 या लाइन वापरतात. आरएसव्ही या लहान मुलांच्या फुफ्फुसांना त्रास देणाऱ्या विषाणूसाठी हेप-2 ही लाइन दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. या विषाणूमुळे शेजारच्या पेशी एकमेकींत विरघळून अनेक केंद्रकांचे मोठे गोळे होतात आणि ते साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसतात.

विषाणू कोणत्या पेशीत वाढवला यावर उत्तर बदलते, हे या क्षेत्रात सर्वांत जास्त विसरले जाणारे सत्य आहे. ए-549 फुफ्फुसाची असली तरी तिच्यावर एसीई-2 ग्राहक, म्हणजे कोविडचा विषाणू पेशीला जिथे चिकटतो ती प्रथिने, फार कमी आहेत, म्हणून तो मूळ ए-549 मध्ये नीट वाढत नाही. 2020 मध्ये क्लोरोक्विन या हिवतापाच्या औषधाने माकडाच्या मूत्रपिंडाच्या व्हेरो पेशींत हा विषाणू रोखला, पण कॅलू-3 मध्ये रोखला नाही. व्हेरोत विषाणू पेशीतल्या आम्लधर्मी पिशव्यांमधून आत शिरतो आणि क्लोरोक्विन ती आम्लता घालवते. कॅलू-3 मध्ये टीएमपीआरएसएस-2 हे विकर त्याला पृष्ठभागावरूनच आत घेते. व्हेरो तर कर्करोगाचीही नाही आणि माणसाचीही नाही.

नाशिकमध्ये विषाणूंची नेहमीची तपासणी आरटी-पीसीआरने होते. त्यांच्या संवर्धनाचे काम पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेसारख्या, त्यासाठी बांधलेल्या प्रयोगशाळांचे आहे. महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या आवाक्यातला भाग म्हणजे पेशींची निगा, आणि बहुतेक प्रयोग बिघडतात ते तिथेच. द्राक्ष-डाळिंबाच्या या जिल्ह्यात ऊतीसंवर्धन म्हटले की रोपे डोळ्यांपुढे येतात. पण रोपांसाठीचा आडव्या झोताचा लॅमिनार, म्हणजे गाळलेली हवा सोडणारे कामाचे टेबल, मानवी पेशींसाठी चालत नाही. त्याची हवा पेशींवरून थेट काम करणाऱ्याच्या तोंडावर येते. त्यांना द्वितीय वर्गाचे जैवसुरक्षा कॅबिनेट लागते, जे पेशी आणि काम करणारा दोघांनाही जपते.

सेल लाइन बहुधा पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून मागवतात. वाढत्या पेशींचा फ्लास्क प्रवासासाठी माध्यमाने काठोकाठ भरलेला असतो. हवा राहिली तर पुणे-नाशिक रस्त्यावरच्या हिंदकळण्याने बुडबुडे होऊन तळाला चिकटलेला पेशींचा थर सुटतो. फ्लास्क आल्यावर काही तास बंदच इन्क्युबेटरमध्ये ठेवावा, मग जादा माध्यम काढून टी-25 मध्ये (25 चौरस सेंटिमीटर तळाचा फ्लास्क) 5 मिली ठेवावे आणि झाकण थोडे सैल करावे. तापमान 37 अंश, कार्बन डायऑक्साइड 5 टक्के, माध्यमात 10 टक्के गोवंशीय भ्रूण सीरम.

पेशींनी तळाचा 70 ते 80 टक्के भाग व्यापला की विभागणी करावी. आधी कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या पीबीएसने (फॉस्फेटयुक्त क्षारद्रावण) धुवावे. ही पायरी गाळली तर उरलेले सीरम ट्रिप्सिनला, म्हणजे पेशी तळापासून सोडवणाऱ्या विकराला, निष्प्रभ करते आणि माणूस दहा मिनिटे फ्लास्क आपटत बसतो. मग 0.25 टक्के ट्रिप्सिन-ईडीटीए 1 मिली, 37 अंशांवर तीन ते पाच मिनिटे. डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या गारठ्यात बाटली फ्रिजमधून काढून तशीच ओतली तर वेळ दुप्पट लागतो. पेशी गोल होऊन सुटल्या की सीरमयुक्त माध्यम घालून क्रिया थांबवावी आणि 1:4 प्रमाणात नव्या फ्लास्कमध्ये वाटावे. ए-549 साधारण दिवसात दुप्पट होते. कॅलू-3 फार संथ आहे. तिला हेलाच्या वेगाने विभागू गेल्यास ती विरळ होऊन बसते.

साठवणीसाठी 90 टक्के सीरम आणि 10 टक्के डीएमएसओ, म्हणजे पेशीत बर्फाचे स्फटिक होऊ न देणारे द्रावक, वापरतात. गोठवताना मिनिटाला एक अंश इतक्या सावकाश उणे 80 पर्यंत न्यायचे, मग द्रव नायट्रोजनमध्ये. वितळवणे उलट, झटपट : 37 अंशांच्या पाण्यात एक-दोन मिनिटे, आणि लगेच डीएमएसओ पातळ करायचे. गावोगावी कृत्रिम रेतनासाठी नायट्रोजनची टाकी असते, त्यामुळे तो हाताळणारे लोक इथे सापडतात. मात्र द्रवात बुडवलेल्या कुपीत नायट्रोजन शिरला तर बाहेर काढताना ती फुटते. कुप्या द्रवाच्या वरच्या वाफेत ठेवाव्यात, आणि चेहऱ्यावर ढाल हवी.

माध्यमातले फिनॉल रेड हे आम्लता दाखवणारे रंगद्रव्य पिवळे झाले तर आम्ल वाढले : पेशी दाटल्या किंवा जिवाणू शिरले. जांभळट झाले तर कार्बन डायऑक्साइड कमी पडतो, बहुधा सिलिंडर संपलेला असतो. पावसाळ्यात बुरशी इन्क्युबेटरच्या पाण्याच्या तबकातून येते. तबक आठवड्याला रिकामे करून निर्जंतुक पाण्याने भरावे. ऑटोक्लेव्हबाबत, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राबाबत, नाशिकला एक बारकावा आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच असल्याने हवेचा दाब कमी, त्यामुळे गेजवर 15 पौंड दिसले तरी आतली वाफ 121 ऐवजी 120 अंशांच्या आसपास असते. दाबाकडे न बघता तापमापीकडे बघावे किंवा 16 पौंड घ्यावेत. वापरलेल्या पेशी आणि माध्यम ऑटोक्लेव्ह करूनच पिवळ्या पिशवीत जातात.

मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जिवाणू मात्र ना रंग बदलतो ना गढूळपणा आणतो. त्याला पेशीभित्तिका नसल्याने पेनिसिलिनचा उपयोग नाही, आणि 0.22 मायक्रॉनच्या गाळणीतूनही तो निसटतो. पेशी नुसत्या मंदावतात, विषाणूला भलताच प्रतिसाद देतात. पीसीआर किंवा डीएनए रंगवणाऱ्या होएख्स्टने दर दोन महिन्यांनी तपासावे. नेहमी प्रतिजैविक घालून ठेवण्याची सवय वाईट. ती ढिसाळ हात झाकते.

दुसरी फसवणूक लाइन नेमकी कोणती या ओळखीची. 1966 मध्ये आनुवंशिकीतज्ज्ञ स्टॅन्ली गार्टलर यांनी दाखवले की वेगवेगळ्या अवयवांच्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या अनेक लाइनमध्ये जी6पीडी विकराचा एकच प्रकार आहे, जो जवळजवळ केवळ आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळतो. म्हणजे त्या सगळ्या हेलाच होत्या. स्वरयंत्राची म्हणून नोंदलेली हेप-2 देखील हेलाच निघाली. आरएसव्हीवरचे तिचे निष्कर्ष त्यामुळे रद्द होत नाहीत, पण ‘स्वरयंत्राच्या पेशीत’ असे लिहिणे चूक ठरते. एका वेळी कॅबिनेटमध्ये एकच लाइन उघडावी, प्रत्येकीची माध्यमबाटली वेगळी ठेवावी, आणि नवी लाइन आली की गोठवण्याआधी एसटीआर तपासणी, म्हणजे डीएनएवरून लाइनची ओळख पटवणारी तपासणी, करून घ्यावी.