बाळू पालवणकर : १९११च्या दौऱ्याआधी आणि नंतर

फिरकी गोलंदाज बाळू पालवणकर यांच्या नावावर एकही कसोटी नाही. भारताची पहिली कसोटी २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर सुरू झाली, तोवर त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. देशाबाहेरची त्यांची कामगिरी मोजायची ती भारतीय संघाच्या १९११च्या इंग्लंड दौऱ्यावरून. त्या दौऱ्यात सगळे सामने धरून त्यांनी ११४ बळी घेतले, सरासरी (म्हणजे दर बळीमागे दिलेल्या धावा) १८.८४. त्यांतले ७५ प्रथम श्रेणीच्या सामन्यांतले, सरासरी २०.१२.

त्या काळी इंग्लंडमध्ये खेळपट्ट्या पावसात उघड्याच राहत. ओली खेळपट्टी उन्हाने वाळू लागली की फिरकीला भलतीच साथ मिळे. पण १९११चा उन्हाळा तिथे कडक आणि कोरडा गेला. टणक, फलंदाजांना मानवणाऱ्या खेळपट्ट्यांवर पस्तिशीतल्या गोलंदाजाने हे बळी मिळवले, म्हणून आम्हाला हे आकडे दिसतात त्याहून मोठे वाटतात.

जन्म १८७६चा, धारवाडचा. जात चांभार, वडील लष्करी नोकरीत. लहानपण पुण्यात गेले. पहिली नोकरी पारशी क्लबात, मैदान झाडण्याची आणि रोलर फिरवण्याची. पगार महिना ३ रुपये. १८९२च्या सुमारास गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात गेले तेव्हा तो ४ रुपये झाला. नेट लावायचे, खेळपट्टी आखायची, रोलर ओढायचा, आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. कॅप्टन ग्रेग हा तिथला सर्वांत चांगला फलंदाज, तो बाळूंकडून तासन्‌तास गोलंदाजी करून घेई. बाद केले की दर वेळी आठ आणे देई, असे सांगतात. नेटमध्ये बाळूंच्या हाती चेंडू येई, बॅट मात्र येत नसे. त्यामुळे गोलंदाजी घोटून पक्की झाली आणि फलंदाजीला कधी वावच मिळाला नाही.

त्यांची गोलंदाजी डावखुरी, संथ. लेग यष्टीच्या रोखाने हवेत उंची दिलेला चेंडू टप्पा पडला की उजव्या फलंदाजापासून ऑफकडे निघून जाई. पुढे येऊन खेळणारा चुकला की यष्टिचीत, कड लागली की स्लिपमध्ये झेल. या प्रकारात धोका असतो तो आखूड टप्प्याचा : चेंडू जरा मागे पडला की फलंदाजाला कट किंवा पुल मारायला वेळ मिळतो. टप्प्यावरची हुकमत नेटमधल्या त्या हजारो चेंडूंतून आली.

पुण्यातल्या हिंदू संघाने त्यांना घेतले, पण मैदानापुरतेच. चहाच्या वेळी त्यांना पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. प्लेगच्या काळात कुटुंब मुंबईला आले. तिथे हिंदू जिमखान्याकडून खेळणे आणि रेल्वेत नोकरी सुरू झाली.

फेब्रुवारी १९०६मध्ये मुंबईत हिंदू आणि युरोपियन हे संघ समोरासमोर आले. हिंदूंच्या २४२ धावांना युरोपियनांनी १९१ने उत्तर दिले. दुसऱ्या डावात हिंदू १६० करू शकले, म्हणजे युरोपियनांना जिंकायला २१२ हवे होते. ते १०२मध्ये आटोपले. बाळूंनी सामन्यात आठ गडी बाद केले. धाकटे भाऊ शिवराम याच संघात होते. पुढे गणपत आणि विठ्ठलही हिंदूंकडून खेळले.

१९११च्या दौऱ्यात संघ म्हणून मात्र हाल झाले : प्रथम श्रेणीचे १४ सामने, २ विजय, १० पराभव. कर्णधार पतियाळाचे महाराज पंचम जॉर्ज राजाच्या राज्यारोहणाच्या समारंभांत गुंतले आणि के. एम. मिस्त्री हा उत्तम फलंदाज त्यांच्या दिमतीला अडकला. गोलंदाजीचा भार बाळू आणि दुसरे डावखुरे फिरकीपटू वॉर्डन यांच्यावर पडला. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध बाळूंनी १०३ धावांत ८ बळी घेतले. लेस्टरशायरविरुद्ध सामन्यात ११ घेतले, आणि तो सामना संघाने जिंकला. सॉमरसेटला एका गड्याने हरवले, त्यात शिवराम यांचे नाबाद शतक होते.

एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना कधी दिले गेले नाही. खेळाने आणि अनुभवाने ते सर्वांच्या पुढे होते. आड आली ती जात. कर्णधार एम. डी. पै यांनीच जाहीरपणे म्हटले की हा मान बाळूंचा होता. १९२०मध्ये हिंदू, पारशी, मुस्लिम आणि युरोपियन संघांच्या चौरंगी स्पर्धेत बाळूंना वगळले आणि पै आजारी असताना नेतृत्व देवधरांकडे दिले, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल संघातून बाहेर पडले. हा निषेध वाया गेला नाही. अंतिम सामन्यात बाळू उपकर्णधार झाले, आणि पै काही वेळ मैदानाबाहेर गेले तेवढ्यापुरते त्यांनी संघाचे नेतृत्व केले. १९२३मध्ये विठ्ठल रीतसर कर्णधार झाले आणि हिंदूंनी युरोपियनांना हरवले.

लॉर्ड्सवरच्या पहिल्या कसोटीनंतर तीनच महिन्यांनी, २४ सप्टेंबर १९३२ रोजी, पुणे करारावर सह्या करणाऱ्यांत बाळूही होते. १९३७च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. नोंद आहे ती ३३ प्रथम श्रेणी सामन्यांची : १७९ बळी, सरासरी १५.२१.