पाळायला घेतलेल्या मांजरीची नसबंदी झाली आहे का?

मांजर विकत आणण्याची रीत खानदेशात फारशी नाही. मांजर आपले आपण येते. अमळनेर-चोपड्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांत ते धान्याच्या कोठ्यांमागे मुक्काम ठोकते, भुसावळसारख्या गावात एखाद्या इमारतीच्या जिन्याखाली राहते, आणि आठ-पंधरा दिवस नेमाने दूधभात मिळाला की ते घरचेच होऊन जाते. असे आलेले मांजर मादी असेल, अंगाने पुरते वाढलेले असेल आणि त्याचा आधीचा ठावठिकाणा कोणालाच माहीत नसेल, तर हिचे ऑपरेशन झालेले आहे की व्हायचे आहे, हा प्रश्न लवकरच उभा राहतो. उत्तर एका बाजूने चुकले, तर दोन महिन्यांनी घरात चार पिल्ले असतात. दुसऱ्या बाजूने चुकले, तर जे अवयव पोटात नाहीतच ते काढण्यासाठी एका निरोगी प्राण्याला भूल देऊन त्याचे पोट उघडले जाते.

मादीच्या नसबंदीत दोन्ही अंडाशये आणि बहुधा त्यांच्याबरोबर गर्भाशयही काढून टाकतात. म्हणजे आपल्याला शोधायचे असते ते एखाद्या अवयवाचे नसणे, आणि सगळी अडचण तिथेच आहे. मांजरी एकदा माजावर आलेली दिसली की अंडाशय शाबूत असल्याचे ठरते. ती माजावर आलेली दिसली नाही, तर मात्र त्यावरून जवळपास काहीच ठरत नाही. म्हणून पुढे सांगितलेली प्रत्येक खूण तपासताना ती आढळल्यास काय सिद्ध होते आणि न आढळल्यास काय, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. घरोघरी होणारा बराचसा गोंधळ हे दोन प्रश्न एकत्र केल्यामुळे होतो, असे माझे मत आहे.

त्याआधी ते मांजर मादीच आहे, एवढी खात्री करून घ्यावी. शेपूट वर उचलून पाहिल्यास मादीमध्ये गुदद्वाराच्या अगदी खाली उभी चीर दिसते, तर बोक्यामध्ये दोन छिद्रांतले अंतर जास्त असते आणि मधल्या जागेत वृषणांचा फुगवटा असतो. ऑपरेशन झालेल्या बोक्यात तो फुगवटा नसल्यामुळे घाईत पाहणारा त्याला मादी समजतो. काळा, नारिंगी आणि पांढरा असे तिन्ही रंग अंगावर असतील तर ती जवळजवळ नेहमीच मादी असते, कारण नारिंगी रंगाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि काळा व नारिंगी हे दोन्ही रंग एकाच अंगावर दिसायला सहसा दोन एक्स गुणसूत्रे लागतात.

बाहेरच्या खुणांमध्ये सर्वांत भरवशाची खूण कानावर असते. भटक्या मांजरांना पकडून, त्यांची नसबंदी करून पुन्हा त्याच जागी सोडण्याचे काम जगभर चालते आणि त्यात भूल उतरण्याआधीच एका कानाचे, बहुतेक ठिकाणी डाव्या कानाचे, टोक सुमारे एक सेंटिमीटर सरळ रेषेत कापतात, म्हणजे तेच मांजर पुन्हा पकडले जात नाही. आपल्याकडे 2001 सालचे जन्म नियंत्रण नियम फक्त कुत्र्यांपुरते होते. त्यांच्या जागी 2023 साली आलेल्या नियमांत मांजरांचाही समावेश झाला. तरीही मांजरांसाठी अशी कामे मुख्यतः मोठ्या शहरांतच चालत आल्यामुळे खानदेशातल्या छोट्या गावात टोक कापलेल्या कानाचे मांजर क्वचितच पाहायला मिळते. कान पाहताना कापलेली कड नीट निरखावी. शस्त्रक्रियेतली कड सरळ आणि गुळगुळीत असते, मारामारीत फाटलेला कान वेडावाकडा असतो. पांढऱ्या कानांच्या मांजरांत आणखी एक शक्यता असते. सततच्या कडक उन्हाने कानाच्या कडेला त्वचेचा कर्करोग होऊ शकतो. त्यात कड खपलीदार होऊन हळूहळू झडत जाते. जळगाव-भुसावळचे ऊन लक्षात घेता असा कान दिसला, तर तो नसबंदीची खूण समजून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावा.

दुसरी खूण पोटावरची. शस्त्रक्रिया दोन ठिकाणांहून करतात, बेंबीच्या खाली पोटाच्या मध्यरेषेवर किंवा बरगड्यांमागे कुशीत, आणि छेद बहुधा दोन-तीन सेंटिमीटरच असतो. चांगला शिवलेला छेद वर्षभरात इतका बारीक होतो की केसांतून तो दिसत नाही. डॉक्टर मांजरीला पाठीवर निजवतात, पोटावरचे केस स्पिरिटने ओले करून दोन बाजूंना पाडतात आणि बेंबीपासून खाली बोटाचे टोक फिरवत जातात. कधी डोळ्यांना न दिसलेली बारीक, किंचित कडक रेघ बोटाला लागते. एवढ्यानेही काही आढळले नाही तर थोडे केस कातरून पाहतात. मध्यरेषा पाहून झाल्यावर दोन्ही कुशी पाहायच्या राहून जातात, याची आठवण मालकाने करून द्यायला हरकत नाही. सयामी जातीच्या किंवा तिच्या वळणाच्या मांजरांत कातरलेल्या जागी नवे केस अधिक गडद रंगाचे उगवू शकतात, कारण त्यांच्यात रंग तयार करणारे विकर थंड त्वचेतच नीट काम करते आणि केस कातरलेली त्वचा थंड पडलेली असते. काही देशांत शस्त्रक्रियेच्या वेळी छेदाशेजारी हिरव्या शाईची छोटी रेघ गोंदतात. ती आढळली तर शंकेला जागाच उरत नाही.

व्रण आढळला तर नसबंदीची शक्यता बरीच वाढते, पण खात्री होत नाही, कारण अडलेल्या बाळंतपणात पोट उघडले असेल किंवा हर्नियाची दुरुस्ती झाली असेल, तरी तसाच व्रण राहतो. व्रण आढळला नाही, तर त्यावरून काहीही ठरत नाही.

लोक ज्या दोन गोष्टींवर विसंबतात, त्यांचा इथे उपयोग नाही. एक म्हणजे स्तनाग्रे. मांजरीला सहसा आठ स्तनाग्रे असतात आणि ती मोठी, लोंबती असतील तर ती कधीतरी व्याली आहे एवढेच समजते. पुढे तिचे ऑपरेशन झाले की नाही, याविषयी ती काही सांगत नाहीत. दुसरी म्हणजे चालताना मागच्या पायांपुढे हलणारी पोटाची सैल घडी. ती पाहून कोणी हिला गाभण ठरवतो, तर कोणी ऑपरेशन झालेली. प्रत्यक्षात ती घडी बोक्यांत आणि मांजरींत, ऑपरेशन झालेल्यांत आणि न झालेल्यांत, सगळ्यांतच असू शकते.

आता माजाकडे वळू. गाई-म्हशी पाळणाऱ्या घराला माज ओळखायला शिकवावे लागत नाही, पण मांजरीचा माज अगदी निराळा असतो. गाय साधारण 21 दिवसांनी माजावर येते, काचेसारखा सोट टाकते आणि वळू भेटो वा न भेटो, तिचे अंडे ठरल्या वेळी सुटते. मांजरीत बाहेरून दिसेल असा स्राव बहुधा नसतो, रक्त तर जातच नाही, आणि तिचे अंडे सहसा मीलनाच्या उत्तेजनेनंतरच, एक-दोन दिवसांत सुटते. बोका भेटला नाही तर माज साधारण आठवडाभर टिकून ओसरतो आणि दोन-तीन आठवड्यांत पुन्हा येतो. त्या काळात ती रात्ररात्र घोगऱ्या, लांबट आवाजात ओरडते, जमिनीवर लोळते, दाराच्या चौकटीला अंग घासते, आणि कमरेजवळ हात फिरवला की पुढचे अंग खाली दाबून मागचे वर उचलते, शेपूट एका बाजूला घेते आणि मागचे पाय जागच्या जागी हलवते. पहिल्यांदा हे पाहणाऱ्याला मांजरीचे पोट दुखत असल्यासारखे वाटते आणि तिला त्याच कारणासाठी दवाखान्यात नेले जाते.

हे चक्र दिवसाच्या लांबीवर अवलंबून असते. अंधारात मेंदूतली पिनियल ग्रंथी मेलाटोनिन सोडते. रात्री मोठ्या झाल्या की ते जास्त वेळ स्रवते आणि अंडाशयाचे काम मंदावते. प्रकाश बारा ते चौदा तासांच्या आसपास मिळू लागला की काम पुन्हा सुरू होते. युरोपात हिवाळ्यात मांजरी महिनोन्महिने माजावर येत नाहीत. जळगाव मात्र 21 अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथला सर्वांत लहान दिवस सुमारे पावणेअकरा तासांचा आणि सर्वांत मोठा साडेतेरा तासांच्या जवळपास असतो. त्यामुळे इथल्या हिवाळ्यात माज विरळ होऊ शकतो, पण तो थांबेलच असे नाही, आणि घरात रात्री उशिरापर्यंत ट्यूबलाइट जळत असेल तर मांजरीच्या दृष्टीने तो मोठा दिवसच असतो. तात्पर्य, दिवाळीत घरी आलेली मांजरी संक्रांतीपर्यंत शांत राहिली, तर तेवढ्यावर तिचे ऑपरेशन झाले असल्याचे मानणे धोक्याचे आहे. गाभण, पिल्लांना पाजणारी, रोडावलेली, आजारी किंवा वयात न आलेली मांजरीही शांत असू शकते. वयात येण्याचे वय चार महिन्यांपासून दहा महिन्यांपर्यंत असते, आणि पाजणारी मांजरी व्याल्यावर काही आठवड्यांतच पुन्हा माजावर येऊ शकते, हेही विसरू नये.

मीलन होऊन गर्भ न राहिल्यास मांजरी सुमारे चाळीस दिवस खोट्या गर्भावस्थेत असते आणि तेवढा काळ माज येत नाही. गर्भ राहिला तर ती सुमारे 65 दिवसांनी विते. यावरून थांबून पाहण्याचा हिशेब मांडता येतो. अंगाने भरलेली, वयात आलेली मांजरी बोक्यापासून पूर्ण दूर ठेवून फेब्रुवारी ते ऑक्टोबर या काळातलेच अडीच-तीन महिने नीट पाहिली आणि ती ना व्याली ना माजावर आली, तर नसबंदीची शक्यता बरीच पक्की होते. मात्र अट कडक आहे. उन्हाळ्यात गच्चीवर झोपणाऱ्या घरात मांजरीला रात्री बंद खोलीत ठेवणे किती अवघड असते, हे ज्यांनी केले आहे त्यांनाच कळेल, आणि एका रात्रीची ढिलाईसुद्धा पुरेशी असते.

थांबायचे नसेल तर रक्ताची तपासणी उपयोगी पडते. अंडाशयातल्या वाढत्या बीजपुटकांभोवतीच्या पेशी अँटी-म्युलेरियन हार्मोन नावाचे संप्रेरक तयार करतात. मादीच्या शरीरात त्याचा दुसरा ठळक उगम नसल्यामुळे वयात आलेल्या मांजरीच्या रक्तात ते आढळले तर अंडाशय आहे आणि आढळले नाही तर बहुधा नाही, असा निष्कर्ष एकाच नमुन्यावरून काढता येतो. माज चालू असण्याची गरज नसते, हा या चाचणीचा मोठा गुण आहे; अगदी लहान पिल्लांत मात्र ती फसवू शकते.

दुसरी चाचणी याच्या उलट बाजूने जाते. मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी ल्युटिनायझिंग हार्मोन सोडून अंडाशयाला कामाला लावते, आणि अंडाशयातून येणारे इस्ट्रोजेन तिला आवर घालते. अंडाशयच काढलेले असेल तर आवर घालणारे कोणी उरत नाही. टाकीतला फ्लोट काढून टाकल्यावर मोटार थांबायचे नाव घेत नाही, तसा हा प्रकार होतो आणि रक्तातले हे संप्रेरक सतत चढे राहते. म्हणून ते कमी आढळले तर अंडाशय शाबूत आहे, असे एका नमुन्यावरूनही म्हणता येते. ते जास्त आढळले तर मात्र घाई करू नये, कारण अंडाशय असलेल्या मांजरीतही मीलनानंतर ते काही तास उसळते. काही दिवसांनी पुन्हा नमुना घेऊन ते अजून चढेच आहे का, हे पाहावे लागते. प्रोजेस्टेरॉनही कधी मोजतात. ते भरपूर असेल तर अंडाशयाने नुकतेच अंडे सोडले आहे हे नक्की. ते नसेल तर काहीच नक्की नाही.

सोनोग्राफीविषयी लोकांच्या अपेक्षा फार मोठ्या असतात. गर्भ शोधण्यासाठी ती उत्तम आहे, तीन-साडेतीन आठवड्यांच्या गर्भाच्या हृदयाचे ठोकेही त्यात दिसतात. पण मांजरीचे अंडाशय जेमतेम एक सेंटिमीटर लांबीचे असते आणि मूत्रपिंडामागे दडलेले असते, त्यामुळे ते दिसले नाही याचा अर्थ ते नाही, असा होत नाही.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दिवसाचा बहुतेक वेळ ढोरांवर जातो आणि संप्रेरकांचे नमुने सहसा मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवावे लागतात. डॉक्टरांना आधी फोन करून चौकशी केलेली बरी. हे सगळे जमण्यासारखे नसेल, तर शेवटचा मार्ग म्हणजे भूल देऊन पोट उघडून पाहणे. त्याला मी चूक म्हणणार नाही. वर्षाच्या आत केलेल्या नसबंदीने पुढे स्तनांच्या कर्करोगाचा धोका मोठ्या प्रमाणात घटतो, गर्भाशयात पू होण्याची भीती संपते, आणि मांजरींतल्या स्तनांच्या गाठी बहुतांशी कर्करोगाच्याच निघतात. मात्र कान, पोट, दोन्ही कुशी आणि शक्य असल्यास रक्त तपासून झाल्यावरच हा मार्ग धरावा. भूल दिल्यावर केस कातरले जातात आणि कधी कधी त्याच वेळी जुना व्रण समोर येतो. तसे झाले तर पुढे जायचे की थांबायचे, हे डॉक्टरांशी आधीच ठरवून ठेवावे.

व्रण स्पष्ट आहे, तरीही मांजरी माजावर येते, असेही घडते. जुन्या शस्त्रक्रियेत अंडाशयाचा एखादा तुकडा आत राहिला तर तो काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही, काम करू लागतो. गर्भाशय काढलेले असल्याने पिल्ले होत नाहीत, पण माज येतो आणि बोके दाराशी जमतात. अशा मांजरीचे पुन्हा ऑपरेशन करायचे तर ते माज चालू असताना किंवा नुकताच ओसरल्यावर करणे सोयीचे असते, कारण तेव्हा तो तुकडा फुगलेला असतो आणि डॉक्टरांना सापडतो.