गुण यायला तीन-चार आठवडे का लागतात?

पुण्यात कुठल्याही मनोविकारतज्ज्ञाकडे डिप्रेशनची गोळी सुरू झाली की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "गुण यायला तीन-चार आठवडे लागतील, मधेच सोडू नका." गोळी मेंदूतल्या रसायनांवर काही तासांतच काम सुरू करते. मग एवढा उशीर कशाला? उंदरांना आठवडेच्या आठवडे औषध देऊन पाहायची पद्धत पडली ती या प्रश्नापायी.

सुरुवात आपल्याच सर्पगंधेपासून. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी १९४९ साली रक्तदाबावरचा तिचा उपयोग जगापुढे मांडला आणि १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. रेसर्पिन दिलेला उंदीर पाठीला बाक काढून, पापण्या गाळून नुसता पडून राही. मेंदूतली सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन ही रसायनं आटलेली असत. इमिप्रामिन हे डिप्रेशनवरचं औषध आधी दिलेला उंदीर मात्र तितका ढेपाळत नसे. यातून रसायन कमी पडलं की नैराश्य येतं, हे समीकरण रूढ झालं. सुटसुटीत होतं, पण आठवड्यांचा हिशेब त्यात बसेना. १९७५ मध्ये वेटुलानी आणि सुल्सर या संशोधकांनी दाखवलं की औषध काही आठवडे चालू ठेवलं तर उंदराच्या मेंदूतल्या पेशी नॉरअ‍ॅड्रेनॅलिनला उलट कमी दाद देऊ लागतात.

१९७७ मध्ये पोर्सोल्ट यांची पोहण्याची चाचणी आली. काचेच्या उभ्या नळकांड्यात पाणी, त्यात उंदीर. हातपाय मारणं सोडून तो किती वेळ नुसता तरंगतो ते मोजायचं. एका दिवसात औषधाची तीन इंजेक्शनं दिली तरी ही वेळ घटते. म्हणजे ज्या उशिराचं कोडं आहे, तोच या चाचणीत नाही! तरी स्वस्त आणि झटपट असल्यामुळे फार्मसीच्या प्रबंधांत तिची चलती आहे.

मला त्यापेक्षा पॉल विल्नर यांची १९८७ची पद्धत पटते. पिंजरा तिरका करायचा, खालचा भुसा ओला ठेवायचा, रात्रभर दिवा जाळायचा. असे छोटे छोटे जाच आठवडेच्या आठवडे सोसलेल्या उंदराची साखरपाण्याची ओढ कमी होते, नैराश्यात कशातच गोडी वाटू नये तशी. औषधाने ती परत येते, पण सावकाश, काही आठवड्यांनी.

तेवढ्या काळात आत काय घडतं, याचा मोठा धागा येल विद्यापीठात रोनाल्ड ड्यूमन यांच्या गटाला सापडला. दीर्घकाळ औषध दिलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे स्मरणाशी निगडित भागात, चेतापेशींना पोसणारं बीडीएनएफ हे प्रथिन वाढल्याचं त्यांनी १९९५ मध्ये दाखवलं आणि २००० मध्ये तिथे नव्या पेशीही जास्त तयार होतात हे मांडलं.

ड्यूमन यांच्या विद्यार्थिनी विदिता वैद्य यांनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत वयाचा प्रश्न लावून धरला. जन्मानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत फ्लुऑक्सेटिन हे डिप्रेशनवरचं औषध मिळालेली उंदरांची पिल्लं मोठेपणी जास्त घाबरट निघाली. मोठ्यांचं नैराश्य कमी करणारं औषध तेच, पण मेंदूची घडण चालू असताना दिलं तर परिणाम उलटा.