एका गोटीच्या दोन दांड्या: रॅचेट आणि ब्रेकर बार

शनिवारच्या बाजाराला जांबोटीकडून मामा आले की पिशवीत भाजीबरोबर काहीतरी मोडलेलं असतंच. मागच्या जुलैत नट फिरवायचं रॅचेट निघालं. "बघ की जरा. फिरतंय, पण धरत नाही." हातात घेतलं तर दोन्हीकडे नुसतं गरागरा फिरत होतं. मागचे दोन स्क्रू काढून झाकण उघडलं, तर आतले चार दाते साफ उडालेले आणि ग्रीसमध्ये त्यांचा चुरा.

झालं होतं असं. चिखलणीसाठी पॉवर टिलरचे रबरी टायर काढून लोखंडी चाकं बसवायची होती. कणकुंबीच्या बाजूचा पाऊस, तांबडी माती आणि वर्षभर हात न लागलेले नट. मामांनी रॅचेटच्या दांडीत बोअरचा जुना पाइप घातला आणि दोघं मिळून लोंबकळले. नट जागचा हलला नाही, रॅचेट मात्र गेलं. "अर्धा इंची हाय, दांडी एवढी जाड हाय, मग मोडलं कसं?" हा त्यांचा प्रश्न. दहा वर्षांपूर्वी मी स्वतः गाडीच्या चाकाच्या नटावर हेच केलं होतं आणि वर बोटांची सालटी काढून घेतली होती, त्यामुळे मामांना बोलायची सोय नव्हती.

दुकानात भिंतीवर दोन दांड्या शेजारी शेजारी टांगलेल्या असतात. दोन्हींच्या टोकाला तोच चौकोन, अर्धा इंची म्हणजे १२.७ मिलिमीटरचा. दोन्हींवर तीच गोटी (नटावर बसणारं पोकळ सॉकेट) बसते, दोन्ही क्रोम केलेल्या आणि चकचकीत. एकीचं नाव रॅचेट. दुसरीला ब्रेकर बार म्हणतात, काही दुकानांत फ्लेक्स हँडल, आणि हायवेच्या लॉरी गॅरेजमध्ये नुसती 'दांडी'. लांबून पाहिलं तर रॅचेट ही जास्त सोयीची दांडी वाटते. म्हणून घरी दुरुस्ती करणारा रॅचेट घेतो आणि दुसरी तिथेच राहते. माझ्या मते सुरुवात उलटी व्हायला हवी.

रॅचेटच्या डोक्यात दात्यांचं एक छोटं चक्र असतं. त्या दात्यांत अडकणारी एक खिट्टी, तिला ढकलणारी बारीक स्प्रिंग आणि दिशा बदलायचा खटका, एवढाच संसार. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये जे कटकटतं, तेच हे. (लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान घातलं, तेव्हाच्या बहुतेक सायकलींना फ्रीव्हील नव्हतं, चाक फिरतंय तोवर पॅडलही फिरतच राहायचं.) पुढे ओढलं की खिट्टी दात्याला धरते, मागे नेलं की दात्यांवरून घसरत येते. त्यामुळे गोटी नटावरून न काढता दांडी पुढेमागे हलवून नट फिरवता येतो. ही सोय ज्या भागातून मिळते तोच भाग नाजूक असतो. तुमच्या अंगातला सगळा जोर शेवटी नखाएवढ्या जागेत एक-दोन दात्यांवर येतो. दांडी अंगठ्याएवढी जाड असली तरी तिचा त्या दात्यांना काही उपयोग नाही.

ब्रेकर बारमध्ये आत काहीच नसतं. एक भरीव दांडी, टोकाला फाटा, त्यात पिनेवर हलणारा चौकोन. एवढंच. कटकट नाही, खटका नाही. चौकोन पिनेवर वाकतो म्हणून दांडी हव्या त्या कोनात धरता येते, पण प्रत्येक पाव फेऱ्याला गोटी काढून पुन्हा बसवावी लागते. कंटाळवाणं काम. मोडायला मात्र तिच्यात फारसं काही नाही.

थोडा हिशेब करू. साधारण अर्धा इंची रॅचेट २५ सेंटिमीटर लांब असतं. टोकाला ४० किलोचा जोर लावला तर नटावर शंभरेक न्यूटन-मीटर (पिळाचा जोर मोजायचं माप) पडतात. छोट्या मोटारींच्या चाकांचे नट साधारण एवढ्याच जोरानं आवळलेले असतात, म्हणून नवा, स्वच्छ नट रॅचेटनं सुटतोही. गंजलेल्याला त्याच्या दुप्पटही लागू शकतं. ६० सेंटिमीटरच्या ब्रेकर बारवर तेच ४० किलो अडीचशेच्या आसपास न्यूटन-मीटर देतात. रॅचेटला मीटरभर पाइप लावून दोघं लोंबकळले तर आकडा पाच-सहाशेच्या पुढे जातो, आणि तो सगळा त्या एक-दोन दात्यांवर. मामांचे चार दाते कुठे गेले, ते इथं कळतं.

मग कामाची वाटणी सोपी आहे: घट्ट नट जागचा हलवायचा दांडीनं, म्हणजे ब्रेकर बारनं, काढायचा रॅचेटनं. गंजलेल्या नटावर आदल्या रात्री डब्ल्यूडी-४० किंवा तत्सम तेल मारून ठेवायचं. चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच दांडीनं पहिला पाव फेरा सोडवायचा, जॅक नंतर लावायचा. जोर लावताना शक्यतो दांडी आपल्याकडे ओढायची. ढकलावीच लागली तर उघड्या तळव्यानं, मूठ बांधून नाही; नट अचानक सुटला की मूठ थेट मडगार्डवर जाते. नट एकदा सैल झाला की रॅचेट घ्यायचं आणि अर्ध्या मिनिटात काढून टाकायचा. बसवताना पहिले दोन-तीन आटे हातानंच. थेट रॅचेट लावलं तर आटे तिरके बसतात, आणि गेलेले आटे परत करायला बेळगावच्या उद्यमबागेतल्या टर्नरकडे, म्हणजे लेथवाल्याकडे चक्कर मारावी लागते. कितीही जोर लावून नट हलत नसेल तर आणखी लांब पाइप शोधण्याआधी आटे उलटे तर नाहीत ना, ते बघा. सायकलच्या डाव्या पॅडलचे असतात.

आता खरेदी. इथेच दोन्ही दांड्यांचा स्वभाव खिशाला कळतो.

ब्रेकर बार जुना घेतला तरी चालतो. भंगारवाल्याकडे, बंद पडलेल्या गॅरेजच्या सामानात गेडोरे किंवा झालानी कंपनीच्या जुन्या दांड्या अजून हाताला लागतात. रंग उडालेला असेल, क्रोम गेलेलं असेल, तरी हरकत नाही. बघायचं एवढंच: दांडी सरळ आहे का, चौकोनाच्या कडा झिजून गोल झाल्यात का, पिनेला फार ढिलाई आहे का, आणि गोटी अडकवणारी बारीक गोळी दाबल्यावर परत वर येते का. माझी दांडी अशीच साडेतीनशे रुपयांत घेतलेली. पिनेला जरा गंज होता, डिझेलमध्ये दोन दिवस बुडवून ठेवल्यावर हलायला लागली.

रॅचेट मात्र जुनं घेऊ नका. त्याची झीज आत असते, बाहेरून कळत नाही. दात्यांच्या कडा गोलावलेलं रॅचेट दुकानात छान कटकटतं आणि नेमकं जोराच्या वेळी घसरतं. नवं घेताना पहिला प्रश्न दाते किती. २४ दात्यांचं रॅचेट प्रत्येक कटकटीला १५ अंश फिरतं, म्हणजे २५ सेंटिमीटरच्या दांडीचं टोक साडेसहा सेंटिमीटर हलवायला जागा हवी. ७२ दात्यांचं ५ अंश, टोकाला दोन सेंटिमीटर पुरतात. इंजिनाच्या कोपऱ्यात ही फार मोठी सोय आहे. पण त्याच गोलावर तिप्पट दाते म्हणजे प्रत्येक दाता तितका बारीक. महागड्या रॅचेटमध्ये खिट्टी रुंद असते आणि एकाच वेळी बरेच दाते धरते, म्हणून ते टिकतं. स्वस्तातलं ७२ दात्यांचं मला फसवं वाटतं. पैसे मोजकेच असतील तर २४ ते ४५ दात्यांमधलं घ्या. दांडीचं काम दांडी करणार असेल तर रॅचेटवर फार पैसे घालायची गरजही उरत नाही.

दुकानातच करायची एक परीक्षा आहे. रॅचेटला गोटी लावा, गोटी दोन बोटांनी हलकेच धरा आणि दांडी मागे न्या. दांडीबरोबर गोटीही फिरली तर स्प्रिंग फार कडक आहे. सैल झालेला नट तुम्ही दांडी मागे नेताना परत आवळला जाईल आणि तुम्ही तिथेच पुढेमागे करत बसाल. मग चौकोन हलवून बघा, थोडी ढिलाई सगळ्यांत असते, पण लडबडायला नको. पाठीमागे स्क्रू असलेलं मिळालं तर उत्तम, उघडून धुता येतं. आत पातळ तेलाचे दोन थेंब. जाड ग्रीस भरू नका. खिट्टी चिकटते, दाता वेळेवर धरत नाही आणि जोर लावताना हात सुटतो. मामांच्या रॅचेटमध्ये तेही झालं असणार. टिलरच्या चाकाला घालायचं ग्रीस त्यात ठासून भरलं होतं. आपल्याकडे सहज मिळणाऱ्यात नाशिकच्या टापारियाचा माल मला पुरेसा वाटतो. 'क्रोम व्हॅनेडियम' (एक मिश्र पोलाद) असा शिक्का असलेलं हवं. नुसतं चकाकणं म्हणजे फक्त वरचा मुलामा.

४६ नगांचा जो छोटा सेट हल्ली घरोघरी दिसतो, त्याचा चौकोन पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचा. दुचाकीची साइड पॅनेल, क्लॅम्प, ६ मिलिमीटरच्या आट्यांचे १० नंबरी (म्हणजे १० मिलिमीटर रुंद डोक्याचे) बोल्ट यांना तो झकास. त्यात १४ नंबरची गोटी आहे म्हणून तिनं अॅक्सलचा नट सोडवायला जाल, तर गोटी टिकेल, चौकोन पिरगळेल. मधला तीन अष्टमांश इंचाचा आकार दुचाकीला सगळ्यात सोयीचा, पण इथल्या दुकानांत तो कमी दिसतो. ट्रॅक्टर, टिलर, मोटार असेल तर सरळ अर्धा इंची.

गोट्यांबद्दल एकच गोष्ट, पण ती महत्त्वाची. गोटी आतून सहा कोनांची आहे की बारा, ते बघून घ्या. बाराकोनी पटकन बसते, पण नटाच्या कोपऱ्यांनाच धरते आणि गंजलेल्या नटाचे कोपरे खाऊन टाकते. दांडीवर नेहमी सहाकोनीच. नंबर सगळे लागत नाहीत. हिरो-होंडाच्या वळणाच्या दुचाकींना ८, १०, १२, १४, १७ मध्ये बरंचसं काम होतं. ट्रॅक्टरकडे वळलात की ८ मिलिमीटरच्याच आट्यांच्या बोल्टला १२ ऐवजी १३ चं डोकं भेटतं, १९ आणि २४ लागतात. अंदाजानं घेतलेला मोठा सेट निम्मा पेटीतच गंजतो, म्हणून मी सुट्या गोट्या घेतो.

टॉर्क रेंचही याच भिंतीवर टांगलेला असतो आणि बऱ्याचदा रॅचेटसारखाच दिसतो. तो फक्त ठरलेल्या जोरानं आवळायला. त्यानं नट सोडवायचा नाही, आणि क्लिकवाला (ठरलेला जोर आला की 'टक' वाजणारा) असेल तर काम झाल्यावर सर्वात कमी आकड्यावर आणून ठेवायचा.

मामांना मी भंगारातली एक दांडी मिळवून दिली, ६० सेंटिमीटरची, आणि १९ ची सहाकोनी गोटी. पुढच्या शनिवारी आले तेव्हा पिशवीत फक्त भाजी आणि काजूची एक पुडी. "सुटला की रे," म्हणाले, "पण तुझी ती दांडी मोटरसायकलच्या डिकीत बसत नाही." ते खरं आहे. माझीही बसत नाही, सीटखाली आडवी बांधून नेतो.