एनएमआर आणि ईपीआर: पाण्यातला कोणता धातू कोणाला दिसतो?

एनएमआर (न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स) आणि ईपीआर (इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्स) ही नमुन्यात काय आहे ते ओळखायची दोन तंत्रं. दोन्हींच्या नावात चुंबकीय अनुस्पंदन आहे आणि दोन्हींत नमुना चुंबकाच्या मधोमध ठेवतात, त्यामुळे गल्लत होणारच. पण एनएमआर अणुकेंद्राचा स्पिन (ज्यामुळे तो कण छोट्या चुंबकासारखा वागतो तो गुण) हलवतं, तर ईपीआर जोडीदार नसलेल्या इलेक्ट्रॉनचा. या इलेक्ट्रॉनचं चुंबकत्व प्रोटॉनच्या सुमारे ६५८ पट असतं. म्हणून प्रोटॉनसाठी ९.४ टेस्लाच्या चुंबकात ४०० मेगाहर्ट्‌झच्या रेडिओलहरी वापरतात, तर नेहमीचं ईपीआर ०.३४ टेस्लाच्या आसपास, साडेनऊ गिगाहर्ट्‌झच्या मायक्रोवेव्हवर चालतं. (पाणी मायक्रोवेव्ह गिळतं, म्हणून ईपीआरचा नमुना केसासारख्या बारीक नळीत भरायचा.)

पाण्यातलं द्विभारित (दोन धन भारांचा आयन झालेलं) मँगनीज हे ईपीआरचं लाडकं गिऱ्हाईक. त्याच्याकडे पाच एकटे इलेक्ट्रॉन असतात आणि अणुकेंद्राचा स्पिन ५/२, त्यामुळे आलेखात एका रेषेच्या सहा रेषा होतात. हा ठसा एकदा पाहिला की दुसऱ्या कशाशी घोटाळा होत नाही. तोच आयन मोठ्या रेणूला चिकटला की रेषा पसरट होतात, कधी दिसेनाशाही होतात.

जस्त, सोडियम, ॲल्युमिनियम यांच्या आयनांत मात्र सगळे इलेक्ट्रॉन जोडीने. ते पाण्यात कितीही असोत, ईपीआर गप्प. ॲल्युमिनियमसाठी एनएमआर उत्तम: सहा पाण्याच्या रेणूंनी वेढलेला आयन शून्य पीपीएमवर (इथे पीपीएम म्हणजे प्रमाण नव्हे, आलेखातली रेषेची जागा) दिसतो, तर अल्कधर्मी पाण्यातला चार हायड्रॉक्साइडवाला ८० च्या आसपास. म्हणजे धातू आहे एवढंच नव्हे, तो कोणत्या रूपात आहे हेही कळतं.

एकटा इलेक्ट्रॉन असला की ईपीआर दिसणारच, हा समज मात्र चुकीचा. पाण्यातल्या द्विभारित लोखंडाकडे असे चार असूनही नेहमीच्या ईपीआरवर ते सहसा दिसत नाही.

खरी गंमत पुढे आहे. असे एकटे इलेक्ट्रॉन असलेला आयन स्वतः एनएमआरमध्ये दिसणं कठीण, पण तो शेजारच्या पाण्याची चाल बदलतो. रेडिओलहरींनी हलवल्यावर शुद्ध पाण्याच्या प्रोटॉनना पूर्वस्थितीला यायला काही सेकंद लागतात. थोडं मँगनीज मिसळलं की हा वेळ झपाट्याने घटतो. १९४६ साली एनएमआरचे एक जनक, भौतिकशास्त्रज्ञ फेलिक्स ब्लॉख यांच्या गटाने पाण्यात फेरिक नायट्रेट घातलं ते याचसाठी, आणि एमआरआयमध्ये टोचतात तो गॅडोलिनियम धातूही हेच करतो. या घटीवरून ओळखीच्या आयनाचं प्रमाण काढता येतं. आयन अनोळखी असेल, तर पाण्याचे प्रोटॉन त्याचं नाव सांगत नाहीत. सहा रेषा शोधायला ईपीआरच लागतं.